रोलर 'इंटेलिजंट' झाला कधी?

रोलरने माती नीट दाबली का ते बघायच्या चाचण्या, म्हणजे प्रॉक्टर (प्रयोगशाळेत मातीची जास्तीत जास्त घनता काढायची), सँड रिप्लेसमेंट (जागेवर खड्डा घेऊन, त्यात वाळू भरून घनता मोजायची) वगैरे जुन्याच आहेत, 1930 च्या दशकापासून भराव अशा चाचण्यांवरच पास होतोय. खड्डा घेतला तेवढ्या जागेचं कळतं, बाकी थर रामभरोसे.

1970 च्या दशकात स्वीडनमध्ये व्हायब्रेटरी रोलरच्या ड्रमला अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारा सेन्सर, बसवला गेला. माती भुसभुशीत असली की ड्रम एका लयीत हलतो, कडक होत गेली की आपटायला लागतो आणि सिग्नलमध्ये दुप्पट फ्रिक्वेन्सीवालं कंपन वाढतं, त्याला मूळ कंपनाने भागायचं, साधारण 300 ने गुणायचं, झाला सीएमव्ही, म्हणजे कॉम्पॅक्शन मीटर व्हॅल्यू. एकक बिकक काही नाही. पुढे 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडनने हे आपापल्या नियमांत घेतलं, नाव सरळ होतं, कंटिन्युअस कॉम्पॅक्शन कंट्रोल, म्हणजे सीसीसी.

घोळ झाला तो 'इंटेलिजंट' शब्दाने. युरोपातल्या कंपन्यांनी तो वापरला तेव्हा अर्थ असा, की रोलर माती किती कडक झालीय ते ओळखून अ‍ॅम्प्लिट्यूड (ड्रम किती वर-खाली हलतो), फ्रिक्वेन्सी (किती वेगाने हलतो) स्वतःच बदलतो. 2000 नंतर अमेरिकेत हाच शब्द गेला आणि पसरट झाला, सेन्सर, जीपीएस आणि कॅबमध्ये रंगीत नकाशा असला की बस, रोलर स्वतःहून काहीही बदलत नसला तरी इंटेलिजंट! माझ्या मते ही शुद्ध विक्रीची भाषा, पण तिथल्या स्पेसिफिकेशन्समध्ये हाच अर्थ बसला, आता कोण काढणार. वर प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, कोणी स्टिफनेस (कडकपणा) देतं, कोणी मॉड्युलस (ताणाला माती किती कमी दबते त्याचं माप), कोणी ड्रम ओढायला इंजिनची किती ताकद लागली ते, आणि या सगळ्याला मिळून एकच नाव आयसीएमव्ही (इंटेलिजंट कॉम्पॅक्शन मेझरमेंट व्हॅल्यू), त्यामुळे एका मशीनचे 40 आणि दुसऱ्याचे 40 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

त्यात हे आकडे घनतेचे नाहीतच, कडकपणाचे आहेत. थर असतो 20-30 सेंटीमीटरचा आणि जड रोलर बघतो जवळपास मीटरभर खोल, म्हणजे खाली जुना मऊ पट्टा असला तर वरचा चांगला दाबलेला थरही नकाशावर लाल, म्हणजे कच्चा, दिसतो. पाणी कमी असलेली माती तर आज कडक लागते, भिजली की खचते. उलटही होतं, जमीन फारच कडक झाली की ड्रम एकाआड एक ठोका हवेतच घालवतो आणि सीएमव्ही चक्क खाली येतो, नवखा ऑपरेटर मग माती कमी दबलीय समजून रोलरच्या अजून दोन फेऱ्या मारतो.