सात आठे किती?

तिसरी-चौथीतल्या मुलाला मध्येच ‘सात आठे?’ असं विचारून बघा. बरीच मुलं क्षणभर थांबतात, मग ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात, सात दुणे चौदा’ सुरू होतं आणि आठव्या पायरीवर छप्पन्न सापडतं. पाढा पाठ आहे, पण माळेसारखा ओवलेला. मधला मणी एकटा हाती येत नाही.

याचा फटका बसतो भागाकारात. हातातलं काम चालू असताना लागणाऱ्या गोष्टी मेंदू तात्पुरत्या धरून ठेवतो. ही कार्यस्मृती फार तोकडी असते. ती पाढ्याच्या पायऱ्या चढण्यात गुंतली की वरून कोणता अंक खाली घ्यायचा होता, हेच निसटतं. मग आपण म्हणतो, याला भागाकार येत नाही. मला हा त्या मुलावर अन्याय वाटतो.

इथे मोबाइलवरची सराव-साधनं खरोखर कामाची आहेत, कारण ती क्रम मोडून विचारतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून काढणारे. त्यातच उजळणीचं अंतर वाढवत नेलं तर आठवण अधिक टिकते. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये यासाठी खोक्यांची पद्धत सुचवली होती: कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर; बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, ते उशिरा विचारायचं, चुकलेलं परत पहिल्या खोक्यात. ‘अँकी’सारखं मोफत सॉफ्टवेअर हेच काम आपोआप करतं.

आणि कार्डं किती लागतील? दहापर्यंतच्या पाढ्यांत 100 गुणाकार दिसतात. पण सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून उरतात 55. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना सहज येतात. ते वगळले की राहतात फक्त 21! पाढ्यांना घाबरलेल्या मुलाला ही 21 कार्डं टेबलावर मांडून दाखवावीत.

साधन निवडताना मराठी मुलांची एक अडचण ध्यानात ठेवायला हवी. ‘छप्पन्न’ या शब्दात सहा आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. लिहिताना मात्र 5 आधी. त्यामुळे उत्तर माहीत असूनही मूल 65 टाइप करू शकतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं आणि मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. म्हणून उत्तर आधी मोठ्याने म्हणू द्यावं, मग टाइप करू द्यावं. 65 आलं तर ती पाढ्याची चूक धरू नये.

सेकंद मोजणारं घड्याळ सुरुवातीला बंदच ठेवा. गणिताची धास्ती असलेल्या मुलाची काळजीसुद्धा त्याच तोकड्या कार्यस्मृतीत जागा अडवते. शिवाय घाई नसली की मूल स्वतःच्या वाटेने उत्तराकडे पोचतं: ‘सात साते एकोणपन्नास, अजून सात... छप्पन्न!’ अशा वेळी तीन सेकंदांऐवजी दहा लागले तरी लागू द्यावेत.