‘बॅटर’मधला दुसरा ठोका

‘वादळाने किनारपट्टीला झोडपलं’ असं आपण लिहितो, तिथे इंग्रजी वार्ताहर ‘बॅटर’ हे क्रियापद वापरतो. एकदा मारलं तर ते बॅटर नव्हे. ठोक्यामागून ठोका पडत राहायला हवा.

हे ‘पुन्हा पुन्हा’ शब्दात येतं कुठून? शब्दाचं मूळ लॅटिन ‘बात्तुएरे’, म्हणजे मारणे, ठोकणे. जुन्या फ्रेंचमधून ते मध्ययुगीन इंग्रजीत आलं आणि तिथे त्याला ‘-अर’ हा प्रत्यय लागला. इंग्रजीत हा प्रत्यय क्रियेची आवृत्ती दाखवतो. ‘पॅट’ म्हणजे एक हलकी थाप, पण पत्र्यावर थेंबांची टपटप चालते ती ‘पॅटर’. क्रिकेटमधला ‘बॅटर’ मात्र वेगळा. त्यातला ‘-अर’ क्रिया करणारा माणूस दाखवतो. ‘चॅटर’ची गोष्ट तर उलटीच आहे: बडबडीचा तो शब्द आधीचा, आणि त्याचं शेपूट तोडून ‘चॅट’ झाला.

मराठीला असा प्रत्यय लागत नाही. आपण आवाजच दोनदा काढतो. खटखट, धडधड, टकटक. ‘ठोठावणे’ उच्चारून पाहा, दारावरच्या दोन थापा ऐकू येतात. मला ही सोय फार सुंदर वाटते.

झोडपण्याच्या शेजारी आपलं ‘झोडणे’ही आहे. कोकणात भात झोडतात आणि माणसालाही झोडतात. इंग्रजीतही मळणीचं ‘थ्रेश’ आणि मारहाणीचं ‘थ्रॅश’ मुळात एकच. पेंढी आपटून दाणे काढणाऱ्या दोन समाजांना मारण्यासाठी शब्द खळ्यावरच सापडला.

‘बात्तुएरे’चं गोत मोठं आहे. ‘डिबेट’ त्यातलाच. खादी भांडारातला ‘रिबेट’ही, कारण तिथे किंमत ठोकून खाली आणलेली असते. पण सर्वांत लांबचा प्रवास ‘बॅटरी’ने केला. फ्रेंचमध्ये ती आधी मारहाण होती, मग तटबंदीवर मारा करणाऱ्या तोफांची रांग झाली. १७४९ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी खिडकीच्या अकरा मोठ्या काचा घेतल्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पत्रे चिकटवले आणि सगळ्या एकमेकींना जोडल्या. साठवलेला विद्युतभार एकदम सुटावा अशी ती मांडणी. एका पत्रात त्यांनी तिला ‘इलेक्ट्रिकल बॅटरी’ म्हटलं. आजच्या भाषेत तो कपॅसिटरांचा, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या साधनांचा, संच होता. रासायनिक क्रियेतून सतत वीज देणारा, इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांचा धातूच्या चकत्यांचा स्तंभ १८०० साली जगापुढे आला, आणि पुढे हे नाव अशा साधनांनाही चिकटलं.

आपल्या खेड्यांत टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. अंधारात कोणी ‘जरा इकडे बॅटरी मार’ म्हणतं, तेव्हा मारण्याचे दोन शब्द, एक लॅटिन कुळातला आणि एक आपला, शेजारी उभे असतात. आणि पडतो तो फक्त उजेड.