बावीस टक्के उरले होते

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. पाऊस तोंडावर आलेला, तंबूत पान हलत नव्हतं आणि सोबत भाच्याची पाच महिन्यांची मुलगी. म्हणून माझं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, आणि एक छोटा टेबल फॅन गाडीत टाकला होता. साडेअकराला झोपताना स्टेशनच्या पडद्यावर २२ टक्के दिसत होते. मी मनात हिशेब केला. ५१२ वॉट-तासांचे २२ टक्के म्हणजे ११२, त्यातून इन्व्हर्टर खातो ते वजा करून ९५. पंखा ३५ वॉटचा. म्हणजे अडीच तासांहून जास्त. पोर तोवर गाढ झोपेल.

पावणेबाराला पंखा थांबला. पडदाही विझला. पोर उठलं, मग शेजारचे दोन तंबू उठले. अंधारातून भाच्याचा आवाज आला, "मामा, बावीस टक्के होते ना?"

होते. म्हणजे, दिसत होते. त्या दोन शब्दांत जो फरक आहे, त्यासाठी हा लेख.

आधी नावाचं बघू. 'पॉवर स्टेशन' म्हटलं की आपल्याला कोयना आठवतं, चंद्रपूर आठवतं. या डब्यात वीज तयार होत नाही. त्यात लिथियम सेल, त्यांच्यावर नजर ठेवणारं सर्किट (बीएमएस) आणि डीसीचं एसी करणारा इन्व्हर्टर असतो, बस्स. 'सोलर जनरेटर' हे नाव तर निव्वळ थाप आहे. पॅनेल वेगळं घ्यावं लागतं आणि जनरेट जे काय करायचं ते पॅनेल करतं. गंमत म्हणजे आमच्या तंबूपासून थोड्याच अंतरावर याच कल्पनेचा राक्षसी अवतार उभा आहे: घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. माझा डबाही तेच करतो, फक्त पाण्याऐवजी लिथियमचे आयन असतात आणि घाटमाथा-कोकणाऐवजी ग्रॅफाइट आणि लोखंडाचं फॉस्फेट.

खरेदी करताना दोन आकडे समोर येतात आणि लोक हटकून चुकीच्या आकड्याला भुलतात. वॉट म्हणजे नळ किती मोठा, वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती. '१००० वॉट' असं ठळक छापलेल्या डब्यात ५०० वॉट-तासच असू शकतात. हजार वॉटचा भार टाकलात तर अर्ध्या तासाच्या आतच सगळं संपेल. आणखी एक चलाखी म्हणजे मिलिअँपिअर-तास. पॉवर बँकवर हा आकडा हजारांत असतो, पण तो बहुधा आतल्या ३.६-३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. व्होल्टेजने गुणल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही.

डब्यांवर वॉट-तासांचे २५६, ५१२, ७६८, १०२४ हे आकडे बघून मला आधी वाटलं, ते संगणकवाल्यांनी ठरवले असावेत. तसं नाही. या डब्यांत बहुधा असतो त्या लोह फॉस्फेटच्या एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.२. असे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट. सेल २० अँपिअर-तासांचे असले की गुणाकार १०२४. आठ सेल घेतले की ५१२. हा पाढा कळला की डब्याच्या आत काय रचना असेल याचा बाहेरूनच अंदाज बांधता येतो. आणि १०२४ वॉट-तास म्हणजे महावितरणच्या भाषेत साधारण एक युनिट. जेमतेम एक! ते मिळवायला एवढे पैसे मोजतो आहोत हे दुकानात आठवलं तर बरं.

आता मूळ मुद्द्याकडे. हल्लीच्या बहुतेक चांगल्या डब्यांत लिथियम लोह फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हे रसायन असतं. १९९७ साली अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून या पदार्थावरचा निबंध प्रसिद्ध केला. गुडइनफना पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. या पदार्थाच्या स्फटिकाची रचना ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजासारखी असते. हे खनिज आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टच्या काही थरांतही सापडतं. फॉस्फरसने ऑक्सिजनला इतकं घट्ट धरलेलं असतं की बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही. ऑक्सिजन सुटला नाही की आगीला आतून खुराक मिळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, निकेल-कोबाल्टवाल्या लिथियम सेलपेक्षा हे सेल जड असतात, पण हजारो वेळा चार्ज करता येतात. घरात, तेही लहान मूल असलेल्या घरात, मी दुसरं रसायन घेणार नाही.

पण या सद्गुणी पदार्थाची एक खोड आहे, आणि मला त्याच खोडीचं प्रेम आहे.

फ्रीजमधून काढलेला बर्फाचा तुकडा थोड्या पाण्यात टाका आणि थर्मामीटर बुडवा. शून्य अंश. दहा मिनिटांनी निम्मा बर्फ वितळला, तरी शून्य. एवढासा खडा उरला, तरी शून्य. तो खडा गेला की मग पारा चढायला लागतो. म्हणजे बर्फ आणि पाणी एकत्र नांदत आहेत तोवर बर्फ किती उरला हे थर्मामीटर तुम्हाला सांगूच शकत नाही.

एलएफपीच्या कणात हेच होतं. सेल वापरला जात असताना लिथियम लोह फॉस्फेटच्या स्फटिकात परत शिरत असतं. ते सगळीकडे सारखं पसरत नाही. काही भाग लिथियमने भरलेला, काही भाग जवळपास रिकामा, असे दोन वेगळे पदार्थ शेजारी शेजारी असतात आणि त्यांची सीमा सरकत जाते. भरलेला भाग वाढतो, रिकामा घटतो, पण दोघांचे गुणधर्म बदलत नाहीत. व्होल्टेज त्या गुणधर्मांवर ठरतं, कुणाचा वाटा किती यावर नाही.

याच्यामागे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसाया विलार्ड गिब्ज यांचा १८७० च्या दशकातला नियम आहे. घटकांची संख्या, त्यातून अवस्थांची संख्या वजा, अधिक २, म्हणजे व्यवस्थेला उरलेली मोकळीक. आपले घटक दोन: लिथियम आणि लोह फॉस्फेट. अवस्था दोन: भरलेली आणि रिकामी. २ वजा २ अधिक २ बरोबर २. त्यातली एक मोकळीक तापमानाने घेतली, दुसरी दाबाने. उरली शून्य! व्होल्टेजला हलायला जागाच नाही. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये लिथियम साखरेसारखं विरघळून सगळीकडे पसरतं, तिथे अवस्था एकच, म्हणून एक मोकळीक शिल्लक राहते आणि लिथियम कमी-जास्त होईल तसं व्होल्टेज उतरत-चढत राहतं. (सेलच्या दुसऱ्या टोकाला, ग्रॅफाइटच्या बाजूलाही लिथियम थराथरांनी बसतं, त्याच्या बारीक पायऱ्या व्होल्टेजच्या आलेखात दिसतात. शिवाय नॅनो आकाराच्या कणांत दोन अवस्थांचं चित्र इतकं स्वच्छ नसतं. पण आवरतो, नाहीतर भाचा वाचणं सोडून देईल.)

आकड्यांत सांगायचं तर ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत येताना एलएफपीचा सेल ०.१ व्होल्टसुद्धा उतरत नाही. निकेल-कोबाल्टचा सेल तेवढ्याच प्रवासात ०.३ ते ०.४ व्होल्ट उतरतो. पंखा चालू केला म्हणून जी क्षणिक घट होते, किंवा रात्र गार पडली म्हणून जो फरक पडतो, त्यातच एलएफपीचा तो एवढासा उतार बुडून जातो. गावाकडे गॅस सिलिंडर हलवून बघतात तसं या बॅटरीला हलवून काही कळत नाही.

मग पडद्यावरचा टक्का येतो कुठून? तो मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. किराणा दुकानातल्या वहीसारखा: इतका प्रवाह आत आला, इतका बाहेर गेला, शिल्लक इतकी. प्रत्येक नोंदीत किंचित चूक असते. सर्किट स्वतः जी थोडी थोडी वीज पीत राहतं, ती तर कित्येकदा वहीत चढतच नाही. वही गोदामाशी पडताळून बघायच्या जागा दोनच, जिथे व्होल्टेज खरोखर वळण घेतं: अगदी वर, सेल ३.६५ व्होल्टकडे झेपावतो तिथे, आणि अगदी खाली, तो २.५ कडे कोसळतो तिथे.

आणि मी काय केलं होतं? मोबाइलसाठी दिला जाणारा सल्ला, 'बॅटरी २० ते ८० च्या मध्येच ठेवा', इथेही इमानदारीत पाळला होता. दीड महिना बाल्कनीतल्या पॅनेलवर थोडं थोडं चार्ज करायचं, ८० झाले की काढायचं. वहीची पडताळणी एकदाही झाली नाही. शिवाय आठ सेलना एकमेकांच्या बरोबरीला आणायचं काम बीएमएस बहुधा पूर्ण चार्जच्या जवळच करतं, तेही झालं नाही. आठातला जो सेल मागे पडला होता, तो सगळ्यांत आधी तळाला गेला आणि बीएमएसने सगळ्यांचाच दरवाजा बंद केला. टेस्लाने आपल्या एलएफपी गाड्यांच्या मालकांना आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के चार्ज करायला सांगितलं, त्याच्या मुळाशी हाच प्रकार आहे. मी आता महिन्यातून एकदा शंभर गाठतो आणि ऐन सहलीच्या आदल्या रात्री तर हमखास.

बॅटरीबद्दलच्या समजुतींचा एक वेगळाच मठ आहे. आमच्या गॅरेजवाल्याने डबा बघताच सांगितलं, "फरशीवर ठेवू नका, जमीन करंट ओढते." खाली फळी हवी म्हणे. लाकडी आणि रबरी खोक्यांच्या जमान्यात ओल आणि गळतीमुळे त्यात थोडं तथ्य असेल. प्लास्टिकच्या खोक्यातून जमीन काही ओढत नाही. 'पूर्ण उतरवूनच चार्ज करा' ही दुसरी समजूत निकेल-कॅडमिअमच्या काळातली. आणि पंख्याला डायनॅमो जोडून त्याच विजेवर पंखा फिरवणारे 'फुकट वीज'चे व्हिडिओ मला पाठवू नका. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेतच शिकवला आहे.

आता घरासाठी घ्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे: स्वतःचं घर असेल आणि डबा कधी हलणारच नसेल, तर नेहमीचा इन्व्हर्टर घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात आणि पैसे बरेच कमी लागतात. पन्नासएक किलोचं ते धूड उचलायचं कोणी आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचं कोणी, हा प्रश्न वेगळा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, किंवा वर्षातून चार वेळा डोंगरात जाणाऱ्याने पॉवर स्टेशन घ्यावं.

काय चालवायचं ते कागदावर लिहा. राउटर १० वॉट, एलईडी दिवा ९, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०, जुना छताचा पंखा ७५. हे सगळं ५१२ च्या डब्यावर सुखाने निघतं. फ्रीज आला की गणित फिरतं. चालू असताना तो शंभर-दीडशे वॉटच खातो, पण साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट मागतो. त्या क्षणी डब्याने मान टाकली तर हजार वॉट-तास असून उपयोग काय? म्हणून कमाल क्षणिक वॉटचा आकडा बघा. पाण्याच्या पंपाचंही तेच. इंडक्शन शेगडीचा मोह टाळा, दोन हजार वॉटने एक युनिट अर्ध्या तासात फस्त होतं. संगणक जोडायचा असेल तर वीज जाताना डबा किती मिलिसेकंदांत ताबा घेतो ते विचारा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. साधारण तेवढ्यात काम झालं तर संगणकाला बहुधा पत्ता लागत नाही.

पॅनेल घेताना पावसाळा आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नुसता डबा तिथे दुसऱ्या रात्री पाटा-वरवंटा झाला असता. पण ढगाळ जूनमध्ये १०० वॉटच्या पॅनेलने पंधरा-वीस वॉट दिले, तरी दिवसभरात फोन आणि दोन दिवे निघतात. पंखा नाही.

लडाखवाल्यांसाठी दोन ओळी. १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणजे यातला कुठलाच नावाजण्यासारखा डबा चालणार नाही. आणि शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करू नका, लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरायच्या ऐवजी धातू होऊन वरच साचतं. वापरायला हरकत नाही.

भंडारदऱ्याहून परत आल्यावर मी डबा प्लगमध्ये लावायचा वीजमीटर मध्ये घालून शंभरपर्यंत चार्ज केला. मीटरने ०.५९ युनिट दाखवलं, डब्याचे ५१२ वॉट-तास अधिक चार्ज होताना वाया जाते ती वीज, म्हणजे सेल धडधाकट होते, चूक वहीतच होती. मग रात्री नऊला तोच पंखा त्यावर लावला आणि झोपलो. सकाळी पावणेसातला पडद्यावर २२ टक्के होते. भाच्याला फोटो पाठवला, चहा टाकला, पेपर वाचून काढला. पंखा नऊ वाजून वीस मिनिटांनी थांबला.