नाशिकचे 'बिगिनर' खरंच नवे आहेत का?

नाशिकच्या सायकल ग्रुपांमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला 'बिगिनर' म्हणतात. हा शब्द कुठून आला ते कळतं, पण ज्यांना तो लावला जातो त्यांच्यातल्या बहुतेकांना तो बसत नाही. पन्नाशीची बाई हेल्मेटचा पट्टा चाचपत उभी असते. आठवीपासून बारावीपर्यंत ती रोज लेडीज सायकलवर शाळा-कॉलेजला गेलेली असते. लग्नानंतर सायकल सुटली, ती तीस वर्षं. तिला नव्याने काही शिकायचं नसतं, सुटलेलं पुन्हा धरायचं असतं. नाशिकमधल्या सध्याच्या सायकल चळवळीची पार्श्वभूमी सांगायची, तर या फरकापासून सुरुवात करावी लागते.

कारण हे शहर सायकलचंच होतं. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची. जुनं नाशिक, पंचवटी आणि नंतर सिडकोतून कामगार हँडलला डबा अडकवून पाळीवर जायचे. पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायची, तीही तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलवर. मग लूना आली, स्कूटर आली, हप्त्यांवर मोटरसायकल आली. 'दुचाकी' हा शब्दसुद्धा सायकलकडून मोटरसायकलकडे गेला. सायकल चालवणं म्हणजे अजून गाडी न परवडणं, असा अर्थ घरोघरी पक्का झाला. माझ्या मते सायकल सुटण्यामागे रहदारीपेक्षा हा अर्थ जास्त कारणीभूत आहे.

ती परत आली ती मात्र वेगळ्याच वाटेने. २०१५ साली नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी जोडीने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकशी संबंध असलेल्या एका लष्करी डॉक्टरने तीच शर्यत एकट्याने पुरी केली. शहराला अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा होता. पण पुनरागमनाचा चेहरा अशा प्रकारे अतिदूरच्या अंतराचा झाला, आणि त्यातूनच पुढचा गुंता झाला.

तो गुंता म्हणजे 'बीआरएम', ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. हे नाव फ्रेंच, परंपरा युरोपातल्या हौशी सायकलस्वारांची. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरचे टप्पे. २०० साठी साडेतेरा तास, ६०० साठी ४० तास. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा कुणी नसतो, वेळेत पोचलात की झालं. रस्त्यात कुणी मदतीला येत नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. कल्पना सुंदर आहे. पण 'शर्यत नव्हे' हे वाक्य कागदावर राहिलं आणि पदक घराच्या भिंतीवर गेलं. सायकल घेऊन तीन महिने झालेल्या माणसाला "दोनशे कधी करताय?" असं विचारलं जाऊ लागलं. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे खाणं-पिणं, पंक्चर, चढ सगळं धरून ताशी सरासरी पंधराच्या आसपास. आकडा छोटा वाटतो. ज्याने केलंय त्यालाच तो केवढा आहे ते कळतं.

यावरून ग्रुपांमध्ये जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. नवख्यांची राइड वेगळी ठेवायची की सगळ्यांना एकत्र न्यायचं? वेगळी ठेवावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. महामार्गावर लांबलेली रांग धोक्याची असते. पण वेगळं ठेवलं की मागचा माणूस कायम मागचाच राहतो. त्र्यंबक रोडचं उदाहरण घ्या. नाशिकहून त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर, जाताना एकूण चढच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे तोंडावर. नवखा माणूस अंजनेरीपाशी दमतो आणि समजतो की आपलं वय झालं. परतताना तोच वारा पाठीवर येतो, रस्ता उतरतो आणि सायकल आपोआप पळते. हे त्याला जाताना सांगणारं कुणीतरी शेजारी हवं. सीट फार खाली आहे म्हणून गुडघा दुखतोय, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करायचा, हेही तसंच. ही शिकवण शेजारी चालवूनच मिळते.

या वादाला नाशिकने आपलं असं एक उत्तर शोधलं: पंढरपूरची सायकलवारी. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, तिथून पालखी पायी पंढरीला जाते. त्यामुळे वारीची रीत इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वारीत पहिला कुणी नसतो. मुक्कामाला उशिरा पोचलेल्यालाही "या माउली" म्हणूनच पाणी मिळतं. सायकलवरची वारी ही वारी म्हणायची का, असं विचारणारे आहेत, त्यांचा मान राखूनही सांगतो: नवख्याला न लाजवता शेकडो किलोमीटर नेण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. शहरात भाड्याच्या सायकलींची योजना आली आणि टिकली नाही. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकलमार्ग आखला गेला, पण तेवढ्याने कुणी ऑफिसला सायकलवर जाऊ लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र दुकानांतल्या सायकली संपल्या. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, अॅटलास सायकल कंपनीचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या सायकली चालवल्या, त्यांतली अॅटलास ही एक.

टाळेबंदीत घेतलेल्या सायकलींपैकी कितीतरी आज गंगापूर रोडच्या इमारतींत जिन्याखाली हवा गेलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. त्यामुळे काही जण आता राइडच्या आदल्या संध्याकाळी पंप घेऊन सोसायट्यांमध्ये जातात, टायर भरून देतात, चेनला तेल घालतात आणि विचारतात, "काकू, उद्या सहाला येताय ना?"