कुलूप दिसलं म्हणजे सगळं झाकलं, असं नाही

‘वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग काही काळजी नाही’ हा सल्ला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासपासून गुजरीतल्या पेढीपर्यंत सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

कुलूप म्हणजे एचटीटीपीएस, म्हणजेच वेबसाइटशी सांकेतिक रूपात होणारी जोडणी. तुमचा ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येत नाही. ही सुरक्षितता, आणि ती हवीच. पण पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की भामटा, हे त्यातून कळत नाही. कुलपासाठी लागणारं डिजिटल प्रमाणपत्र बँकेच्या बनावट पानालाही फुकट मिळतं. हाच गैरसमज पाहून गूगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून कुलपाचं चिन्ह हटवलं. योग्यच केलं.

गोपनीयतेचा प्रश्न वेगळा: तुमच्याबद्दल कोण काय जाणतो? सराफाच्या साइटवर कोल्हापुरी साज पाहिला, की त्या पानात बसवलेली जाहिरात कंपनीची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी ओळखनोंद, ते टिपू शकते. मग बातम्या वाचतानाही साजच समोर येतो. हे सारं कुलूपबंद जोडणीतूनच घडतं. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरचा खासगी मोड, हाही इथे अपुरा. त्याचं मुख्य काम इतकंच, की तुमच्या यंत्रावर तुम्ही पाहिलेल्या पानांचा इतिहास राहत नाही. वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतोच. ब्राउझर अपडेट ठेवाच, पण सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकीजही, म्हणजे अशा बाहेरच्या कंपन्यांच्या कुकीज, बंद करा.