बनावट ऑनलाइन रिव्ह्यू : ओळख व पारख

वस्तू न वापरता, सेवा न घेता, अथवा घेऊनही मोबदल्यापोटी किंवा हितसंबंधापोटी, स्वतंत्र ग्राहकाचा अनुभव म्हणून संकेतस्थळावर नोंदवलेला मजकूर किंवा दिलेले तारे म्हणजे बनावट रिव्ह्यू. संगणकशास्त्रात यास ‘ओपिनियन स्पॅम’ म्हणतात. व्यवहारात ‘फेक रिव्ह्यू’ हाच शब्द रुळला आहे. विक्रेत्याने स्वतःच्या मालाची केलेली स्तुती आणि प्रतिस्पर्ध्याची केलेली बदनामी असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. चुकीचा, रागाच्या भरात लिहिलेला किंवा अतिशयोक्त रिव्ह्यू बनावट ठरत नाही. पारख करताना हा भेद सुटला, तर प्रामाणिक ग्राहकावरच अन्याय होतो.

या प्रथेचे मूळ कोठे शोधावे याविषयी एकमत नाही. काहींच्या मते तिचे पूर्वरूप पॅरिसच्या नाट्यगृहांतील भाडोत्री टाळीवाल्यांमध्ये दिसते. १८२० च्या सुमारास तेथे असे टाळीवाले पुरवण्याचा रीतसर धंदा सुरू झाला होता. दुसरे मत वाङ्मयीन नियतकालिकांकडे बोट दाखवते : अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याने १८५५ मध्ये आपल्याच कवितासंग्रहाची अनुकूल परीक्षणे निनावी छापून आणली होती. तिसरे मत ‘ॲस्ट्रोटर्फिंग’, म्हणजे लोकांच्या पाठिंब्याचा कृत्रिम देखावा उभा करणे, या संज्ञेवर भर देते. कृत्रिम हिरवळीच्या नावावरून आलेली ही संज्ञा राजकीय अर्थाने वापरण्याचे श्रेय बहुधा टेक्ससचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांच्या १९८५ मधील उद्गारांना दिले जाते. विमा कंपन्यांच्या हिताची पत्रे लोकांच्या नावाने त्यांच्याकडे ढिगाने आली होती. या तिन्हींत व्हिटमनचे उदाहरण आजच्या प्रथेला अधिक जवळचे वाटते. टाळीवाला गर्दीचा आभास निर्माण करतो. बनावट रिव्ह्यूचा गाभा मात्र बोलणारा कोण, हे लपवण्यात आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक चुकीमुळे निनावी परीक्षकांची खरी नावे उघड झाली, तेव्हा काही लेखकांनी आपल्याच पुस्तकांना तारे दिल्याचे आढळले. ऑनलाइन रिव्ह्यूंच्या विश्वासार्हतेची जाहीर चर्चा साधारण या घटनेपासून वाढलेली दिसते.

पद्धतशीर संशोधनाचा आरंभ सामान्यतः शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील नितीन जिंदल व बिंग लिऊ यांच्या २००८ च्या निबंधापासून मानतात. ॲमेझॉनवरील सुमारे ५८ लाख रिव्ह्यू तपासताना त्यांनी एक साधा धागा पकडला : तोच किंवा जवळजवळ तोच मजकूर वेगवेगळ्या वस्तूंखाली, वेगवेगळ्या नावांनी आलेला असणे. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील माइल ऑट, येजिन चोई, क्लेअर कार्डी व जेफ्री हॅनकॉक यांनी शिकागोच्या २० हॉटेलांचे ४०० खरे वाटणारे रिव्ह्यू निवडले आणि प्रत्येकी एक डॉलर देऊन ४०० खोटे रिव्ह्यू लिहवून घेतले. त्यांतील १६० रिव्ह्यू तीन जणांना वाचायला दिले, तेव्हा त्यांचा अंदाज ५३ ते ६२ टक्के वेळाच बरोबर आला, म्हणजे नाणे उडवण्याहून थोडा बरा. संगणकीय वर्गीकरण जवळपास ९० टक्क्यांपर्यंत पोहोचले. खऱ्या मजकुरात न्हाणीघर, मजला, खोलीचा आकार असे जागेचे तपशील अधिक होते. खोट्यात ‘मी’, ‘माझा’, सोबत कोण होते, कशासाठी आलो यांची दाटी होती.

हा निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी ‘खोटा रिव्ह्यू ओळखण्याच्या खुणा’ म्हणून उद्धृत होतो. त्याला एक गंभीर मर्यादा आहे : ते खोटे रिव्ह्यू प्रयोगासाठी लिहिलेले होते, बाजारातले नव्हते. अर्जुन मुखर्जी, बिंग लिऊ आदींनी २०१३ मध्ये येल्प या उपाहारगृहे व दुकानांचे रिव्ह्यू छापणाऱ्या अमेरिकन संकेतस्थळाने गाळलेल्या प्रत्यक्ष रिव्ह्यूंवर शब्दांचीच पद्धत लावली, तेव्हा अचूकता ६८ टक्क्यांच्या आसपास घसरली. लिहिणाऱ्याचे वर्तन जमेस धरताच ती ८० टक्क्यांच्या वर गेली. दिवसाला किती रिव्ह्यू, किती टोकाचे तारे, इतरांच्या मतांपासून किती अंतर, अशी ही वर्तनाची मोजमापे होती. शब्दांपेक्षा वर्तन अधिक बोलके, हे मत प्रस्तुत नोंदीत ग्राह्य धरले आहे.

मिक्सरच्या पानावरील दोन कल्पित नमुने पाहू. पहिला : ‘अप्रतिम प्रॉडक्ट! पैसा वसूल! सगळ्यांनी नक्की घ्या.’ दुसरा : ‘चटणीचं भांडं लहान आहे. सुकं खोबरं-लसूण वाटताना पात्याखाली चिकटतं, दोनदा बंद करून चमच्याने सोडवावं लागलं. इडलीचं पीठ मात्र मऊ झालं.’ दुसऱ्यात हाताखालून गेलेली वस्तू दिसते, म्हणून तो विश्वसनीय वाटतो. पण पहिला खोटा, असा निवाडा त्यावरून देता येत नाही. ‘एक नंबर’ एवढेच लिहून मोकळा होणारा खरा ग्राहक आपल्याकडे घरोघरी आहे. उलट, वस्तू विकत घ्यायला लावून, पाच तारे पडल्यावर पैसे परत करण्याची पद्धत जगभर चालते. तीत ग्राहकाने वस्तू खरोखर हाताळलेली असते, मजकूर भरदार असतो, छायाचित्र जोडलेले असते आणि ‘व्हेरिफाइड पर्चेस’ची खूणही असते. ती खूण पैसे भरल्याचा पुरावा आहे, मताच्या स्वातंत्र्याचा नाही.

म्हणून रिव्ह्यू वाचताना तारखांचा स्तंभ आधी पाहावा. वर्षभर महिन्याला दोन-तीन रिव्ह्यू आणि मग एकाच आठवड्यात चाळीस, तेही सगळे पाच तारे, हा उंचवटा मजकुरापेक्षा मोलाचा. अर्थात सणाच्या सेलमध्ये असा उंचवटा खऱ्या ग्राहकांमुळेही येतो. त्यानंतर लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे इतर रिव्ह्यू पाहावेत : एकाच दिवशी तीन शहरांतील दवाखाने, सलून आणि हॉटेलांना पाच तारे देणारा माणूस ग्राहक असणे कठीण. जुने रिव्ह्यू भलत्याच वस्तूविषयी बोलत असतील, टॉर्चच्या पानावर मोबाइल कव्हरची तारीफ असेल, तर विक्रेत्याने जुन्या पानावर नवा माल चढवलेला असू शकतो. पाच व एक ताऱ्यांची गर्दी आणि मधली जागा ओस, हा आकार मात्र पुरावा नव्हे. फार खूश किंवा फार चिडलेली माणसेच लिहायला बसतात, त्यामुळे अस्सल रिव्ह्यूंचा आकारही बहुधा तसाच असतो.

इंग्रजीवरून काढलेल्या शब्दखुणा मराठीला जशाच्या तशा लावणे धोक्याचे आहे. मराठीत कर्ता सहज गळतो : ‘दिवाळीत घेतला, अजून चांगला चाललाय.’ येथे ‘मी’ मोजायला जागाच नाही. सोबतच्या माणसांचा उल्लेखही संशयास्पद मानता येत नाही, कारण ‘सासूबाईंसाठी मागवला होता’ हे आपल्या बोलण्यात आपसूक येते. ‘मी याची अत्यंत शिफारस करतो’ असे अवघडलेले वाक्य खोटे वाटते खरे, पण काही संकेतस्थळे इंग्रजी रिव्ह्यूचे यंत्रानुवाद दाखवतात. आधी तशी सूचना खाली आहे का ते पाहावे.

खोटेपणा कोण करतो, याविषयी मायकेल लुका व जॉर्जिओस झेर्वास यांचा बॉस्टनमधील उपाहारगृहांचा अभ्यास (२०१६) महत्त्वाचा आहे. येल्पने तेथील सुमारे १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून गाळले होते. ज्यांची पत घसरलेली किंवा रिव्ह्यू थोडे, त्यांच्याकडे असे प्रमाण जास्त आढळले, साखळी उपाहारगृहांकडे कमी. डिना मेझलिन, यानिव डोव्हर व जुडिथ शेव्हालिए यांनी (२०१४) ट्रिपॲडव्हायझर व एक्स्पीडिया या प्रवासविषयक संकेतस्थळांवरील हॉटेलांच्या रिव्ह्यूंची तुलना केली. पहिल्यावर कोणालाही लिहिता येत होते, दुसऱ्यावर खोली आरक्षित केलेल्यालाच. जेथे खोटे लिहिणे स्वस्त, तेथे, म्हणजे ट्रिपॲडव्हायझरवर, स्वतंत्र मालकीच्या हॉटेलांच्या शेजाऱ्यांना वाईट रिव्ह्यू अधिक मिळालेले दिसले.

महाराष्ट्रात या प्रथेला एक क्रूर जोड मिळाली आहे. ‘घरबसल्या काम’ म्हणून टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर संपर्क साधतात, गूगल मॅप्सवर हॉटेलांना पाच तारे द्यायला सांगतात, सुरुवातीला थोडे पैसे खात्यात टाकतात आणि मग ‘प्रीपेड टास्क’च्या, म्हणजे आधी पैसे भरून करायच्या कामाच्या, नावाखाली लाखो रुपये उकळतात. पुणे व मुंबईच्या पोलिसांकडे असे अनेक गुन्हे नोंदले गेले आहेत. यात फसलेल्याचे पैसे जातात आणि कधी न पाहिलेल्या हॉटेलाखाली मजकुराविना तारे साचतात. अशा वेळी सायबर मदतवाहिनी १९३० वर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःस ग्राहक भासवून रिव्ह्यू टाकण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. रिव्ह्यू गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांची तत्त्वे त्यात आहेत. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाचा खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आहे. ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ वर तक्रार करता येते. तक्रारीसोबत पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि ‘पाच तारे द्या, कॅशबॅक घ्या’ अशी खोक्यात आलेली चिठ्ठी जपून ठेवावी. पैशाच्या बदल्यात तारे मागितल्याचा तो सर्वांत थेट पुरावा ठरतो, आणि नेमकी तीच चिठ्ठी बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत जाते.