औयुइत्तुक राष्ट्रीय उद्यान

कॅनडाच्या नूनाव्हूट प्रदेशातील संरक्षित क्षेत्र. बॅफिन बेटाच्या कंबरलंड द्वीपकल्पावर पसरलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सु. १९,००० चौ. किमी. असून त्याचा बराचसा भाग आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस येतो. १९७२ मध्ये हा भाग राखीव करण्यात आला व २००१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा पूर्ण दर्जा मिळाला. माउंट ओडिन (२,१४७ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर. सु. ६,००० चौ. किमी. व्यापणारी पेनी हिमटोपी हा गेल्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग व्यापणाऱ्या लॉरेंटाइड हिमस्तराचा अवशेष मानला जातो.

येथील भूरूपांविषयी मोठा वाद झाला. दऱ्या व फ्योर्ड (समुद्र आत शिरलेल्या अरुंद दऱ्या) हिमनद्यांनी खोल कोरलेले, तर माथ्यावरील पठारांवर मात्र झिजलेल्या जुन्या खडकांचे सुळके तसेच उभे. म्हणून गेल्या हिमयुगात हे माथे बर्फाबाहेर राहिले असावेत, असे मत १९७० च्या दशकात मांडले गेले. पुढे विश्वकिरणजन्य समस्थानिकांवरून (उघड्या खडकात विश्वकिरणांमुळे साचत जाणाऱ्या अणूंवरून) खडक किती काळ उघडा आहे याचे मापन सुरू झाले. माथ्यांवर दुरून वाहून आलेल्या शिळा तुलनेने अलीकडे उघड्या पडल्याचे आढळले, त्यांखालचा मूळ खडक मात्र कितीतरी जुना निघाला. माथ्यांवरही बर्फ होते. पण ते तळाशी खडकाला गोठून चिकटल्यामुळे सरकले नाही व खडक झिजला नाही, हे दुसरे मत अधिक पटणारे आहे. माथ्यांच्या सर्वच पट्ट्यांना ते सारखे लागू पडेल असे नाही.

पदभ्रमणासाठी अक्षायुक खिंड (सु. ९७ किमी.) प्रसिद्ध आहे. कंबरलंड साउंड व डेव्हिस सामुद्रधुनी यांच्या बाजूंना जोडणारी ही इन्युइट या येथील मूळ रहिवाशांची जुनी वाट. समिट सरोवर हा जलविभाजक. तेथून वीझल नदी दक्षिणेस व आउल नदी उत्तरेस वाहते. दक्षिणेकडील पँगनर्टुंग गावाहून भरतीची वेळ साधून बोटीने फ्योर्डच्या टोकाशी जातात. खरी कसोटी ओढ्यांची. उन्हाने हिमनद्या वितळू लागल्या की दुपारी पाणी फुगते, म्हणून जाणकार पहाटे ओलांडतात. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, तेव्हा काठीने तो चाचपावा लागतो. झाडे नसल्याने सरपण मिळत नाही, स्टोव्ह जवळ हवाच. ध्रुवीय अस्वलांचा धोका असूनही पर्यटकांना बंदूक नेता येत नाही; प्रवेशापूर्वी नोंदणी व सुरक्षा-मार्गदर्शन सक्तीचे आहे. इन्युइटांचे शिकारीचे हक्क अबाधित आहेत व ते योग्यच होय.

गिर्यारोहणात माउंट अ‍ॅसगार्डवर १९५३ मध्ये एका मोहिमेतील स्विस सदस्यांनी प्रथम चढाई केली. त्यांतील युर्ग मार्मे यांनी १९५६ मध्ये एव्हरेस्टही सर केले. माउंट थोरवर (१,६७५ मी.) १९६५ मध्ये खगोलभौतिकीविज्ञ लायमन स्पिट्झर व डोनाल्ड मॉर्टन पोहोचले. थोरचा सु. १,२५० मी. उंचीचा पश्चिम कडा सरासरी १०५ अंशांत (सरळ उभा म्हणजे ९० अंश) बाहेर झुकलेला असून तो जगातील सर्वांत मोठा उभा कडा म्हणून सांगितला जातो. पाकिस्तानातील ग्रेट ट्रँगो टॉवरचा कडा याहून उंच असला, तरी तो इतका सरळ नाही. उभेपणाची व्याख्या कडक घेतल्यास थोरचा दावा ग्राह्य वाटतो. १९८५ मध्ये एका अमेरिकी संघाला हा कडा चढण्यास ३३ दिवस लागले.

उन्हाळी वाटचाल जुलै-ऑगस्टमध्ये, तर स्कीइंग एप्रिल-मेमध्ये होते. मधल्या काळात फ्योर्डवरील बर्फ फुटत असल्याने बोट किंवा स्नोमोबाइल यांपैकी काहीच चालत नाही.